दहा वेळा लिहिलेला माफीनामा

सोसायटीच्या ऑफिसात टेबलाच्या कडेला झाकणाचा एक पत्र्याचा डबा असायचा. बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला मोबाइल मुका करून त्यात टाकायचा आणि बैठक संपली की उचलायचा. हा नियम बाईंचा. बाई म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी. छत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. त्या निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे पूल बांधणारे इंजिनियर. एके काळी त्यांच्यापुढे दोनशे माणसं चळाचळा कापायची. तेसुद्धा डब्यात मोबाइल टाकून झाल्यावर, आपल्याकडे दुसरा नाही हे दाखवायला खिसा चाचपायचे.

त्या दुपारी डब्यात सात मोबाइल होते. विषय होता रहिवाशांच्या गाड्यांवर हिरवं स्टिकर लावायचं की निळं. चांगली पाऊण तास चर्चा झाली आणि निळं ठरलं. तेवढ्या वेळात बाईंच्या मोबाइलवर त्यांच्या भाचीचे सहा फोन येऊन गेले आणि फाटकावरच्या वॉचमनचे दोन. डब्याचं झाकण पक्कं होतं.

भाची म्हणजे बाईंच्या नणंदेची मुलगी. नणंदबाई, म्हणजे बाईंच्या वन्सं, शेजारच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बाईंचे यजमान हयात होते तेव्हा त्यांनीच बहिणीच्या मागे लागून तिला तिथे घर घ्यायला लावलं होतं. ते गेले आणि या दोघी एकमेकींना उरल्या. रोज संध्याकाळी दोघी मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या. बाई पेन्सिलीने, हळूहळू, खात्री करून. वन्सं सरळ पेनाने काहीतरी ठोकून द्यायच्या आणि चुकलं की खळखळून हसायच्या. बाईंना "हेडबाई" म्हणून चिडवायची हिंमत असलेला तो एकच माणूस जगात शिल्लक होता.

त्या दुपारी वन्संच्या छातीत कळ आली. त्यांनी परगावी असलेल्या मुलीला फोन केला आणि "घाम फुटलाय गं," एवढं म्हणून ठेवला. मुलीने कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर भले माणूस. हातातला रुग्ण तसाच सोडून, बॅग उचलून स्कूटरवरून निघाले आणि सहा मिनिटांत फाटकावर हजर झाले. तिथे उभा होता लंबू.

लंबू हे वॉचमनचं सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव. साडेसहा फुटांचा, पन्नाशीचा, केबिनच्या दारातून वाकून आतबाहेर करणारा माणूस. स्वभावाने इतका गरीब की पोरं त्याच्या टोपीत चेंडू ठेवून पळायची आणि हा चेंडू परत करायला त्यांच्या मागे धावायचा. त्याने नियमाप्रमाणे वन्संच्या घरी इंटरकॉम लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. डॉक्टरांनी कार्ड दाखवलं, गळ्यातली नळी दाखवली, आवाज चढवला, हात जोडले, शेवटी त्याला धक्का देऊन आत घुसायचाही प्रयत्न केला. लंबूने दोन्ही हातांनी फाटक धरून ठेवलं. दुसरा वॉचमन रजेवर, आवारात चिटपाखरू नाही. त्याने बाईंना दोनदा फोन लावला. बाकी वेळ तो इंटरकॉमच लावत राहिला, एकूण अकरा वेळा.

बैठक संपली, डबा उघडला, तेव्हा डॉक्टरांना फाटकावर येऊन तेवीस मिनिटं झाली होती. बाई धावत सुटल्या. त्या वयात त्या तशा धावतील असं कोणालाच वाटलं नसतं. फाटक उघडायला लावून डॉक्टरांना वर नेलं, दार फोडलं. वन्सं स्वयंपाकघराच्या भिंतीशी, इंटरकॉमच्या बरोब्बर खाली पडलेल्या होत्या. खोलीतून तिथपर्यंत पायपुसणं, खुर्ची, टेबलावरचं कापड असं सगळं ओढलं गेलं होतं. म्हणजे घंटा त्यांना ऐकू येत होती. त्या घंटेकडे सरपटत चालल्या होत्या, उचलायला. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात खाली ठेवला. जाताना ते फाटकावर थांबले, लंबूकडे बघितलं आणि स्कूटर सुरू केली.

आता लंबू एवढा दगड का झाला, हे सगळ्या सोसायटीत फक्त दोघांना नीट ठाऊक होतं. एक तो आणि दुसऱ्या बाई.

दोन महिन्यांपूर्वी एक जण औषधांची बॅग खांद्याला लावून आला होता. पॅथॉलॉजीतून आलोय, दुसऱ्या मजल्यावर रक्त घ्यायचंय, म्हणाला. इंटरकॉम कोणी उचलेना. पण माणूस नीटनेटका, घाईत, आणि आजारपणाचं काम. लंबूने सोडला. तो गेला तेव्हा त्याच्या बॅगेत दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातले दागिने होते. एकच गहजब झाला. अध्यक्ष म्हणाले, काढून टाका. बाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "काढायचं नाही. सुधारायचं."

आणि बाईंनी त्याला सुधारलं. समोर बसवून माफीनामा सांगितला आणि त्याच्याकडून लिहून घेतला. लंबू शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेला. त्याची अक्षरं ओळ सोडून वर चढायची. बाईंनी लाल पेनाने चुका काढल्या आणि पुन्हा लिहायला लावला. मग पुन्हा. असा दहा वेळा. नऊ कागद रद्दीत गेले आणि दहावा, सुबक, खाली सही असलेला, ऑफिसातल्या "शिस्त" नावाच्या फायलीत लागला. तेवढ्यावर भागलं नाही. पुढचा महिनाभर बाई पहाटे, कोणी उठलेलं नसताना, फिरायला निघाल्या की फाटकाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, "हं, म्हण." लंबू हात सरळ सोडून, टाचा जुळवून, घडाघडा म्हणायचा. एकाच ठिकाणी अडखळायचा, शेवटून दुसऱ्या वाक्याला. बाई पहिले दोन शब्द पुरवायच्या की गाडी पुन्हा रुळावर. एकविसाव्या दिवशी तो न अडखळता म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याला "शाबास" म्हटलं होतं. साडेसहा फुटांचा माणूस लाजून लाल झाला होता.

खरं सांगायचं तर बाईंना त्या दिवशी अगदी कृतकृत्य वाटलं होतं. घरी जाऊन त्यांनी वन्संना सांगितलंही. वन्सं म्हणाल्या, "हेडबाई, बिचाऱ्याला एकदा डोकं वापरू द्या की." बाई म्हणाल्या होत्या, "डोकं वापरलं म्हणून तर दागिने गेले."

भाचीने पोलिसांत तक्रार दिली, पोलिसांनी लंबूचा जबाब घेतला, आणि वन्संना जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा तिच्या वकिलाची नोटीस आली. सोसायटी आणि तिची कमिटी यांच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू, उत्तर द्या. बैठक बोलावली गेली. या वेळी डब्यात मोबाइल टाका असं बाईंनी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी टाकलेही नाहीत.

सोसायटीचे वकील तिसऱ्या इमारतीतच राहायचे. गोड बोलणारे, नखं कापून गोल केलेले गृहस्थ. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"सरळ प्रश्न आहे," ते म्हणाले. "डॉक्टरला अडवायचा निर्णय कोणाचा? नियमाचा असेल, तर जबाबदार कमिटी. तुम्ही सातही जण, वैयक्तिक. आणि वॉचमनचा स्वतःचा असेल, तर जबाबदार वॉचमन, आणि फार तर त्याला पाठवणारी एजन्सी."

"त्याचाच," अध्यक्ष म्हणाले. "इतकी साधी अक्कल नको? समोर डॉक्टर उभा आहे!"

"त्याने पोलिसांना काय सांगितलंय बघा. म्हणतो, बाईंनी लिहून घेतलं होतं."

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

"लिहून घेतलं होतं का काही?" वकिलांनी विचारलं, आणि लगेच हात वर केला. "थांबा. लगेच उत्तर देऊ नका. आधी नीट आठवा, फायली बघा. मी एवढंच म्हणतो, की कागद असेल तर खेळ संपला. कागद नसेल, तर त्याच्या बोलण्याला पुरावा नाही. आणि हो, फाटकावर जी नियमांची पाटी होती ना, पावसाने पुसली गेलेली, तिची ऑफिसातली प्रत मी बघितली. तिच्यात शेवटी एक ओळ असायला हवी होती. 'तातडीच्या प्रसंगी वॉचमनने आपल्या विवेकाने निर्णय घ्यावा.' असायला हवी होती म्हणजे, मला वाटतं, असेलच. टाइप करताना राहिली असेल."

सात जण हाताची घडी, तोंडावर बोट असे बसले. शेवटी अध्यक्षांनी घसा साफ केला.

"बाई, आम्हा सगळ्यांना मुलंबाळं आहेत. आणि तुमचं तर... तुमच्या घरातलंच आहे हे. भाचीला कळलं तर तुमच्या नात्याचं काय राहील?"

ही मेख बरोबर बसली. अध्यक्षांना पुलाला कुठे आधार द्यायचा हे जसं कळायचं, तसं माणसाला कुठे दाबायचं हेही कळायचं. बाईंना पोलिसांची फारशी भीती वाटत नव्हती. पण वन्सं गेल्यावर भाची रोज फोन करायची. पलीकडून रडायची आणि म्हणायची, "मामी, आता तूच आहेस गं." कमिटीला नोटीस पाठवण्याआधीसुद्धा तिने फोन केला होता. "तुझं नाव आहे त्यात, कमिटीत आहेस म्हणून, पण ते फक्त कागदावर हं. तू नव्हतीसच ना तिथे. मला पैसे नकोत, मामी. माझ्या आईला तेवीस मिनिटं का मरू दिलं, एवढंच मला कळायला हवं." बाई "हो गं बाळा" म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात एकट्या गेल्या. "शिस्त" फाईल काढली. दहावा कागद अगदी वर होता. लंबूची अक्षरं, रेघेवर सरळ बसलेली. इतकी सरळ अक्षरं त्याने आयुष्यात पुन्हा काढली नसतील. बाईंनी कागद पर्समध्ये घातला. मग नियमांची प्रत टाइप केली, शेवटची ओळ घालून, आणि जुन्या प्रतीच्या जागी लावली. घरी येऊन माफीनामा फाडायला दोन्ही हातांत धरला, पण मुलाने लिहिलेला कागद फाडायची त्या हातांना सवयच नव्हती. शेवटी कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली त्यांनी तो सरकवून दिला आणि वर चादरी रचल्या.

त्या दिवसापासून त्यांनी फिरायला जाणं बंद केलं. पण फाटकातून कधीतरी जावं लागतंच. लंबूला एजन्सीने कामावरून काढलं नव्हतं, पोलिसांना तो जागेवर हवा होता म्हणून. येणारेजाणारे त्याच्याकडे बघत नव्हते. पोरांना त्याच्याशी बोलायची बंदी झाली होती. बाईंना बघून तो केबिनमधून वाकून बाहेर आला आणि त्याने सलाम ठोकला.

"बाई, तो कागद आहे ना आपला? फायलीत?"

"का रे?"

"घरची फार घाबरलीय. म्हणते, तुला आत टाकतील. मी म्हटलं, खुळी आहेस. बाईंकडे कागद आहे. बाई सांगतील ना, हा सांगितल्याप्रमाणे वागला म्हणून."

"बघते," त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या. मागे वळून बघायची त्यांना लाज वाटली. ही लाज त्यांना नवी होती. छत्तीस वर्षांत ती त्यांनी दुसऱ्यांनाच वाटायला लावली होती.

भाचीने दावा लावण्याआधी एकदा समोरासमोर बसू, असं वकिलांनी सुचवलं आणि ती तयार झाली. रविवारी सकाळी क्लबहाऊसच्या खोलीत टेबलं जोडली गेली. एका बाजूला कमिटी आणि वकील, दुसऱ्या बाजूला भाची आणि तिच्या वकिलांचा कारकून, सगळं लिहून घ्यायला. भाची आत आली ती आधी बाईंकडे. त्यांना मिठी मारली. हाडं लागली, इतकी ती वाळली होती.

"जेवतेस ना, मामी?" तिने विचारलं. तिनेच विचारलं.

वकिलांनी नियमांची प्रत पुढे केली, शेवटच्या ओळीवर गोल नख ठेवलं, आणि कमिटीला किती दुःख झालंय ते सांगितलं. मग म्हणाले, "बाई इथे सेक्रेटरी आहेत, आणि कुटुंबातल्याही आहेत. त्यांच्याइतकं खरं कोण सांगणार? बाई, वॉचमनकडून असं काही लिहून घेतलं होतं का?"

भाचीने मामीकडे बघितलं. त्या नजरेत शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "असं काही लिहून घेतलेलं नाही."

शब्द इतके सहज बाहेर पडले, की बाईंना स्वतःचीच भीती वाटली. कारकुनाने लिहिलं.

लंबूला आत बोलावलं गेलं. दारातून तो वाकून आला आणि खुर्ची दिली तरी बसला नाही. टोपी काढून बगलेत धरली. बाईंकडे बघून किंचित हसला, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा.

"तू म्हणतोस की तुझ्याकडून लिहून घेतलं होतं," वकील म्हणाले. "असा कागद ऑफिसात नाही. बाईंनीही आत्ताच सांगितलं, असं काही झालेलं नाही."

लंबूने बाईंकडे बघितलं. त्याला राग आलाय असं दिसलं नाही. एखाद्या मुलाला वर्गात भलताच प्रश्न विचारल्यावर तो गोंधळतो, तसा तो गोंधळला. मग त्याला वाटलं असावं, की बाई विसरल्या. घरात एवढं मोठं दुःख झालंय, माणूस विसरतं.

"कागद हरवला असेल, साहेब," तो समजुतीने म्हणाला. "पण मला पाठ आहे."

"काय पाठ आहे?" बैठक सुरू झाल्यापासून भाचीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अहो, त्याला आता काय अर्थ आहे," वकील घाईने म्हणाले. "पाठ काय, कोणीही काहीही–"

"म्हणा," भाची म्हणाली.

लंबूने टोपी टेबलावर ठेवली. हात सरळ सोडले. टाचा जुळवल्या. नजर समोरच्या भिंतीवर, पंख्याच्या बटणांच्या जरा वर लावली. आणि त्या भल्यामोठ्या देहातून शाळेतल्या मुलाचा, एकसुरी, घडाघडा आवाज निघाला.

"मी खाली सही करणारा असे लिहून देतो की माझ्या निष्काळजीपणामुळे सोसायटीचे नुकसान झाले याची मला लाज वाटते. यापुढे समोरची व्यक्ती स्वतःला डॉक्टर म्हणो, पोलीस म्हणो वा आणखी कोणी म्हणो, घरातून होकार आल्याशिवाय मी तिला आत सोडणार नाही."

कारकुनाचं पेन धावत होतं. "डॉक्टर म्हणो" या शब्दांना भाचीने डोळे मिटले होते, ते अजून मिटलेलेच होते.

आणि लंबू अडखळला. शेवटून दुसरं वाक्य. त्याचे ओठ हलले, पण शब्द येईना. दोन महिने कोणी म्हणून घेतलं नव्हतं. कपाळावर घाम आला. त्याने भिंतीवरची नजर काढली आणि नेहमी जिथून मदत यायची तिकडे, बाईंकडे, वळवली.

वकिलांनी तेवढ्यात हात पुढे केला. "बघा, येत नाही. मघाशी काय म्हटलं मी?" अध्यक्षांच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. अजून एक क्षण गेला असता, तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. बाईंना हे पुरतं कळत होतं. बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. पण समोर मुलगा उभा होता, अडला होता आणि त्यांच्याकडे बघत होता.

"माझ्या मनाने," बाई म्हणाल्या.

"माझ्या मनाने कोणताही निर्णय घेणार नाही," लंबू सुटल्यासारखा म्हणाला. "नियम मोडल्यास मी शिक्षेस पात्र राहीन." आणि मग, रोजच्या सवयीने, "बरोबर ना, बाई?"

बाईंना आपला आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला होता. तो सवयीने आला की लाजेने, हे पुढे पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, त्यांनी स्वतःला कितीदा तरी विचारलं, आणि उत्तर कधी आलं नाही. पण त्या घडीला त्यांनी लंबूच्या डोळ्यांत बघितलं आणि खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं. दहा वेळा लिहून घेतलं. कागद माझ्या कपाटात आहे." मग लंबूला म्हणाल्या, "बस आता."

लंबू तेव्हा कुठे खुर्चीवर बसला.

भाचीने डोळे उघडले. ती किती तरी वेळ बाईंकडे बघत राहिली, अनोळखी घराच्या दारावरची पाटी वाचावी तशी. बाईंना वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बाईंनी ते ऐकून घेतलं असतं, पायही धरले असते.

भाची कारकुनाकडे वळली.

"या बाईंचं म्हणणंही लिहून घ्या," ती म्हणाली. "आणि खाली सही घ्या."